दुसरा मॉनिटर जोडल्यावर पीसी का तापतो? खर्च करण्याआधी ‘ही’ सेटिंग तपासा

घरून काम, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसाठी अनेक जण आता डेस्कटॉपला दोन मॉनिटर जोडतात. पण दुसरा मॉनिटर लावल्यावर काही जणांची नवीच तक्रार सुरू होते. काहीही काम चालू नसताना फॅन फिरू लागतात, कॅबिनेट गरम लागतं. मग कुणी म्हणतं ग्राफिक्स कार्ड गेलं, कुणी नवा कूलर घ्यायला सांगतं. प्रत्यक्षात कार्ड ठणठणीत असू शकतं.

नेमकं होतं काय?

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते. काम नसताना तिचा वेग कमी होतो, त्यामुळे वीज वाचते आणि कार्ड थंड राहतं. वेग बदलताना स्क्रीन लुकलुकू नये म्हणून हा बदल दोन फ्रेमच्या मधल्या अगदी छोट्या मोकळ्या वेळेत केला जातो.

एकच मॉनिटर असेल तर ही वेळ सहज सापडते. पण एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि दुसरा ६० हर्ट्झचा असेल, तर दोघांच्या मोकळ्या वेळा जुळत नाहीत. मग काही कार्डं मेमरी सतत जास्त वेगावरच ठेवतात. नुसता डेस्कटॉप दिसत असला तरी वीज जास्त खर्च होते आणि कार्ड तापतं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये जीपीयूवर क्लिक केलं की बहुतेक वेगळ्या ग्राफिक्स कार्डांचं तापमान दिसतं. ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या मॉनिटरची केबल काढा आणि दहा मिनिटांनी पुन्हा आकडा बघा. तापमान बरंच उतरलं, तर प्रश्न मॉनिटरच्या जोडणीचा आहे. काहीच फरक पडला नाही, तर कूलिंगकडे बघा.

उपाय काय?

डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन १४४ चा रिफ्रेश रेट १२० करून बघा. १२० ही ६० ची बरोबर दुप्पट असल्याने काही कार्डांवर एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर दोन्ही मॉनिटर ६० वर ठेवून बघा. ड्रायव्हरही अपडेट करा.

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल, तर दुसऱ्या मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावता येते. त्यामुळे कार्डावरचा भार कमी होतो. त्या पोर्टवर चित्र आलं नाही, तर बायोसमध्ये ते ग्राफिक्स बंद आहे का ते बघा.

आणि कूलिंगचं?

पीसी बंद करून प्लग काढा आणि फिल्टर, फॅनवरची धूळ साफ करा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, मागून गरम हवा बाहेर पडायला जागा हवी.

शिवाय फॅन खोलीतलीच हवा आत घेतो. मे महिन्यात नागपुरात खोली ४० अंशांवर असेल, तर कुठलाही फॅन कार्डाला त्याखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या आकड्याशी तुलना करून कार्ड बिघडलं असं ठरवू नका. आधी केबल काढून बघा, खर्चाचं नंतर ठरवा.