कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि कर्करोग
कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि कर्करोग यांच्यातील संबंध हा वैद्यकीय संशोधनाचा विषय आहे. या औषधांमुळे कर्करोग होतो का आणि ती कर्करोगापासून संरक्षण देतात का, अशा परस्परविरोधी दोन प्रश्नांभोवती हे संशोधन फिरत आले आहे. या औषधांत स्टॅटिन हा गट सर्वाधिक वापरला जातो.

== पार्श्वभूमी ==
जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीपासून कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन मिळवले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या प्रक्रियेतील एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला स्टॅटिन अटकाव करते. कुत्र्यांवरील प्रयोगांत लसिका ग्रंथींचा कर्करोग आढळल्याच्या शंकेमुळे १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनच्या चाचण्या थांबल्या. पुढे १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

== कर्करोगाची शंका ==
क्लोफायब्रेट या जुन्या औषधाच्या चाचणीत हृदयविकाराव्यतिरिक्त अन्य कारणांनी झालेले मृत्यू अधिक असल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणेच अपायकारक आहे काय, अशी चर्चा सुरू झाली. १९९६ मध्ये थॉमस न्यूमन व स्टीफन हली यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे अशा औषधांबाबत सावधगिरीचा इशारा दिला. २००८ मधील 'सीज' चाचणीत १,८७३ रुग्णांपैकी सिम्व्हास्टॅटिन व इझेटिमाइब घेणाऱ्या गटात १०५, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ७० जणांना कर्करोग झाला. मात्र नंतरच्या कितीतरी मोठ्या चाचण्यांत अशी वाढ दिसली नाही.

या शंकेचे सर्वांत ठोस उत्तर २०१२ मध्ये मिळाले. २७ चाचण्यांतील सुमारे १,७५,००० व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात, सरासरी सुमारे पाच वर्षांच्या काळात स्टॅटिनमुळे कर्करोगाचे किंवा त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढलेले नाही आणि घटलेलेही नाही, असे आढळले.

कर्करोगाच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी आढळते, हेही शंकेचे एक कारण होते. परंतु निदान होण्यापूर्वीच आजारामुळे कोलेस्टेरॉल उतरू शकते. म्हणजे येथे कारण व परिणाम यांची अदलाबदल होण्याचा संभव असतो.

== संरक्षणाची शक्यता ==
स्टॅटिन ज्या मेव्हॅलोनेट मार्गाला रोखते, त्याच मार्गातून पेशींच्या वाढीचे संदेश वाहणाऱ्या रॅस व रो या प्रथिनांना आवश्यक असलेले घटक तयार होतात. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. २००५ मध्ये इस्रायलमधील एका अभ्यासात पाच वर्षे वा अधिक काळ स्टॅटिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका ४७ टक्के कमी आढळला. २०१२ मध्ये डेन्मार्कमधील अभ्यासात निदानापूर्वी स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांत कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्के कमी होते.

== निष्कर्षांच्या मर्यादा ==
हे दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक होते. नियमित औषध घेणारी व्यक्ती बहुधा तपासण्याही वेळेवर करून घेते. तिला मिळणारा लाभ औषधाचा की दक्षतेचा, हे ओळखणे कठीण असते. शिवाय निदानानंतर तीन वर्षांनी औषध सुरू केलेला रुग्ण ती तीन वर्षे जगलेला असतोच. हा काळ औषधाच्या खात्यात धरला, तर औषध आहे त्यापेक्षा गुणकारी भासते. म्हणून निर्णायक पुरावा यादृच्छिक चाचण्यांतूनच मिळतो. ब्रिटनमधील 'लंगस्टार' चाचणीत लहान पेशींच्या फुप्फुस कर्करोगाच्या ८४६ रुग्णांवर केमोथेरपीसोबत प्रॅव्हास्टॅटिनचा प्रयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा लाभ दिसला नाही. स्तनांच्या कर्करोगाबाबत डेन्मार्कमध्ये ॲटोरव्हास्टॅटिनची मोठी चाचणी हाती घेण्यात आली.

== भारतातील संदर्भ ==
जुन्या, स्वस्त औषधांचा नव्या आजारासाठी उपयोग शोधणे भारतासारख्या देशात विशेष महत्त्वाचे ठरते. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय ॲस्पिरिनवरील 'ॲड-ॲस्पिरिन' या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहभागी आहे. स्टॅटिन मात्र कर्करोगाचे प्रस्थापित औषध नाही. कर्करोग टाळण्यासाठी ते घेण्यास पुरेसा आधार नाही. त्याचप्रमाणे कर्करोगाच्या भीतीने हृदयविकाराच्या रुग्णाने ते परस्पर बंद केल्यास हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात यांचा धोका वाढतो. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी तंबाखू व सुपारी सोडणे हा सिद्ध उपाय आहे.