रीलवर दोरी एकाच बाजूला का साचते? अर्ध्या मिलिमीटरच्या वॉशरने ती सरळ कशी होते?

रविवारची संध्याकाळ, तलावाचा काठ. रॉड मागे नेऊन जोरात फेकला जातो, पण गळ लांब जायच्या ऐवजी दहा-पंधरा फुटांवर धपकन पडतो. रीलमधून दोरीचे आठ-दहा वेढे एकदम निसटून रॉडच्या पहिल्या कडीत गोळा होऊन बसलेले असतात. पुढची वीस मिनिटं गुंता सोडवण्यात जातात आणि शेवटी ब्लेड काढावं लागतं. मग दोष कुणाला? कधी दोरीला, कधी 'ऑनलाइनच्या स्वस्त मालाला', तर कधी स्वतःच्या हाताला.

खरं तर बऱ्याचदा चूक रील नीट बघितल्यावरच सापडते. (ही रील म्हणजे इन्स्टाग्रामवरची नव्हे, मासे धरायची.) दोरी रीलवर सपाट न बसता पुढे किंवा मागे ढिगासारखी साचलेली असते. आणि अनेकदा ते दुरुस्त करायला काही रुपयांचं, कधी कधी तर फुकटचं वॉशर पुरतं.

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर त्याचं स्थानक आहे. तापीवरचं उकाई धरण गुजरातमध्ये असलं, तरी १९७२ साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्याचं पाणी नवापूर तालुक्यातही शिरलेलं आहे. काठीला तंगूस बांधून गळ टाकणं या भागाला नवं नाही. स्पिनिंग रील मात्र आता मोबाइलवरून मागवली की घरपोच येते. अडचण येते ती नंतर. अशा गावात रील दुरुस्त करणारा माणूस शोधून सापडत नाही, आणि कुरियरने परत पाठवायची तर खर्च रीलच्या किमतीच्या जवळ जातो. त्यामुळे बिघाड घरीच ओळखता आला तर रील वाचते, नाहीतर ती माळ्यावर जाते.

शिवणयंत्राची बॉबिन आणि रील

ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे त्यांनी हा प्रकार पाहिलेला असतो. बॉबिन भरताना धागा कधी कधी एकाच टोकाला चढत जातो आणि बॉबिन पोटफुगी दिसते. पतंग उडवणारेही हे जाणतात: चक्रीवर मांजा गुंडाळताना बोट इकडून तिकडे फिरवलं नाही, तर एकाच जागी गाठोडं होतं. रीलमध्ये हे बोट फिरवण्याचं काम यंत्र करतं.

स्पिनिंग रीलमध्ये दोरी गुंडाळताना स्पूल स्वतः गोल फिरत नाही. तारेची कमान, म्हणजे बेल, त्याच्याभोवती फिरते आणि तिच्या टोकाला असलेल्या छोट्या रोलरवरून दोरी स्पूलवर पडते. रोलर पुढे-मागे सरकत नाही. स्पूल मात्र हँडल फिरेल तसं पुढे-मागे सरकतं, आणि म्हणून दोरी त्याच्या पूर्ण रुंदीवर पसरते.

ही कल्पना कापडाच्या धंद्यातून आली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा कापड-उद्योजक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ साली स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत टोकाच्या बाजूने कसं सुटतं, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं, असं सांगतात. बॉबिनचा दाखला इथे उगाच आलेला नाही.

आता मुद्दा असा, की स्पूल ज्या शाफ्टवर बसतं तिथे ते अर्धा-एक मिलिमीटर जरी खाली किंवा वर बसलं, तरी रोलर आणि स्पूल यांचा मेळ बिघडतो. दर फेरीत दोरी एका कडेला थोडी जास्त पडते. शंभर मीटर गुंडाळेपर्यंत त्या 'थोड्या'चा डोंगर होतो.

आकार बघून निदान

रॉडच्या टोकाकडची ती स्पूलची पुढची बाजू, रीलच्या अंगाकडची ती मागची. दोरी पुढच्या कडेला साचत असेल, तर स्पूल गरजेपेक्षा मागे बसलं आहे. त्याखाली एक वॉशर वाढवायचं, म्हणजे ते पुढे येतं. दोरी मागे साचत असेल तर उलट: एक वॉशर काढायचं.

दोन्हींत जास्त त्रासाचा पहिला प्रकार. पुढच्या कडेवर चढलेले वेढे फेकीच्या वेळी एकटे सुटत नाहीत, शेजाऱ्यांना घेऊन निघतात. विणलेली बारीक दोरी वापरणाऱ्यांना हे चांगलंच महागात पडतं, कारण तिची गाठ सुटत नाही आणि दोरीही स्वस्त नसते. मागचा ढीग त्या मानाने सोशिक. फेक थोडी आखूड होते, कारण पुढे दोरी खोल राहते आणि बाहेर पडताना कडेला घासते. पुढच्या बाजूला हलका उतार असणं तर चांगलंच मानतात.

दुरुस्ती अशी: स्पूलच्या पुढचा ड्रॅगचा नॉब उलटा फिरवून काढायचा आणि स्पूल वर उचलायचं. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण कुठली चकती कुठे होती हे पाच मिनिटांत विसरतं. स्पूल जिथे टेकतं तिथे शाफ्टवर बारीक वॉशर दिसतात. अनेक कंपन्या रीलच्या डब्यात एक-दोन जादा वॉशर देतात. ती छोटी पिशवी बहुतेकांनी डब्याबरोबरच फेकलेली असते. दुसरी नेहमीची गंमत म्हणजे, साफसफाई करताना एखादं वॉशर ग्रीसमुळे स्पूलच्या तळाला चिकटतं, पुसताना पडतं आणि 'काल चांगली होती, आज बिघडली' अशी तक्रार सुरू होते. आधी तिथे बघावं.

वॉशर नसेलच तर कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या सपाट भागातून शाफ्टच्या मापाचं भोक असलेली चकती कापता येते. ती वाकडी नसावी, एवढंच. एका वेळी एकच वॉशर वाढवायचं किंवा काढायचं. जास्त काढले तर स्पूल खाली रोटरला घासतं. जास्त घातले तर नॉबचे आटे पुरेसे धरत नाहीत.

वॉशर बदललं की आधीचा ढीग आपोआप सपाट होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोरी पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळावी लागते, आणि तीही ताणून. ओल्या फडक्यात दोरी धरून हँडल फिरवायचं. विणलेली दोरी नुसत्या बोटात धरली तर बोट कापतं. सैल गुंडाळलेली दोरी उत्तम रीलवरही उंचसखल बसते. तेव्हा वॉशरला हात लावण्याआधी ताण देऊन एकदा गुंडाळून पाहणं शहाणपणाचं. कडेपासून दोनेक मिलिमीटर जागा रिकामी सोडावी. काठोकाठ भरलेलं स्पूल गुंता करणारच.

वॉशर जिथे हरतं

ढीग दोन्ही टोकांना आणि मध्ये खळगा असेल, तर वॉशरचा उपयोग नाही. साध्या रीलमध्ये चाकावरची एक खुंटी स्पूलला पुढे-मागे ढकलते. झोपाळा जसा दोन्ही टोकांना क्षणभर रेंगाळतो, तसं स्पूलही टोकांना मंदावतं आणि तिथे दोरी जास्त पडते. ही त्या रीलची घडण आहे, बिघाड नव्हे. महाग रीलमध्ये वळणदार खाच किंवा लांब स्क्रूसारखा शाफ्ट वापरून हे टाळतात.

स्पूल हाताने पुढे-मागे हलवल्यावर बरंच हलत असेल, किंवा ढीग रोज जागा बदलत असेल, तर आतला सुटा भाग झिजला आहे. शाफ्ट वाकला असेल तर हँडल फिरवताना स्पूल डुगडुगताना दिसतं. रॉड बाइकवरून नेताना रील आपटली, की असं होऊ शकतं. आणि रोलर जाम झाला असेल तर दोरीला पीळ पडतो. तिथे तेलाचा एक थेंब पुरेसा असतो.

कापून टाकलेली दोरी काठावर सोडू नये. नायलॉन कुजत नाही. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. खिशात घालून घरी आणावी.

दुरुस्तीनंतरची चाचणी पाण्यावर घ्यायची गरज नाही. मोकळ्या मैदानात गळाऐवजी एक नट बांधून दहा-बारा फेका कराव्यात, दर वेळी फडक्यातून ताणून परत गुंडाळावं आणि स्पूलकडे बाजूने बघावं. ढीग कमी झाला पण गेला नाही, तर आणखी एक वॉशर. बाजू बदलून ढीग पलीकडे गेला, तर वॉशर जाड होतं. अर्ध्या जाडीचं घालून पुन्हा पहिल्यापासून.