गंगथडीची पहाट

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. येथील लोक तिला गंगा म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलुखास गंगथडी. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे शनिमंदिरामुळे प्रसिद्ध असलेले गाव याच काठी वसले आहे. तेथे पहाटे नदीतीरी उभे राहणाऱ्यास आभाळ आणि पाणी यांचा खेळ डोळे भरून पाहावयास मिळतो.

हिवाळ्यात रात्री हवा गार होते. नदीचे पाणी मात्र त्या मानाने उबदार राहते. पाण्याची वाफ गार हवेत शिरताच तिचे सूक्ष्म जलकण बनतात आणि पात्रावर धुके तरंगू लागते. इतक्यात आग्नेयेच्या बाजूस तांबडे फुटते. क्षितिजावरील सूर्याच्या किरणांना हवेचा फार मोठा पल्ला ओलांडावा लागतो. त्या प्रवासात निळा प्रकाश वाटेतच विखुरतो. तांबडा तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. सूर्य वर आला, की हवा तापते आणि धुके विरून जाते.

पावसाळ्यातील पहाट निराळी. कधी माथ्यावर ढगाचे चिन्हही नसते, शेतकरी पावसाची वाट पाहत असतो आणि तरीही नदी गढूळ होऊन काठावर चढू लागते. हे कसे घडते? सह्याद्री ओलांडून येणारे वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. इगतपुरीस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर बीड जिल्ह्यास सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच लाभतो. म्हणून गंगथडीचा पूर पुष्कळदा दूरच्या पावसाचा असतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कर्ली नदीच्या खाडीत नौकागृहे आहेत. तेथेही पाणी चढते. पण ते समुद्राच्या भरतीने. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिचे वेळापत्रक आधीच मांडता येते. पुराचे तसे नाही.

पुराने इतिहासही घडविला आहे. सन १७६३ च्या ऑगस्टमध्ये निजाम आपल्या फौजेच्या एका भागासह गोदावरीपार गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. मध्ये नदी दुथडी भरून वाहत होती. १० ऑगस्टला मराठ्यांनी राक्षसभुवनाजवळ त्या फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या निजामास साहाय्य धाडता आले नाही.

सन १९७६ पासून पैठणचे जायकवाडी धरण गोदावरीचे पाणी अडवीत आहे. परंतु धरण भरले, की पाणी सोडावेच लागते. सन २००६ च्या ऑगस्टमध्ये असेच पाणी सोडल्यावर पैठण शहरात पूर शिरला होता. म्हणून धरणातून पाणी सोडण्यापूर्वी काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा देतात. असा इशारा आला, की आपल्या गावचे आभाळ कितीही निरभ्र दिसो, गुरे-ढोरे व मोटारी काठावरून हलवाव्यात आणि पात्रात कोणी उतरू नये. डोक्यावरचे आभाळ आपल्या गावाचे असते. नदीचे पाणी मात्र दूरच्या डोंगरांची वार्ता घेऊन येते. जो दोन्ही ओळखतो, तोच खरा गंगथडीचा रहिवासी.