बडनेऱ्याचे सहा तास आणि पोटाची सोय

बडनेरा जंक्शनवर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली नाही, असा वऱ्हाडी माणूस विरळाच. यवतमाळकडून एस.टी.ने आलेला, अमरावतीहून ऑटोने आलेला, एका गाडीतून उतरून दुसरी धरणारा, असा नाना परीचा प्रवासी इथे थांबतो. गाडी तासभर उशिरा आहे असे ऐकता ऐकता रात्र होते आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा. खावे कोठे, काय आणि किती पैशात?

गेल्या पावसाळ्यात आमच्यावर हीच वेळ आली. सोबत म्हातारी आई, सौ. आणि दोन मुले. मुंबईची गाडी सहा तास उशिरा. घरून आणलेली शिदोरी दुपारीच संपलेली. मुलांनी भुकेने कुरकुर सुरू केली म्हणून आम्ही घाईघाईने समोर दिसले त्या गाड्यावरून समोसे आणले. ते सकाळचे असावेत. धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. वीस वर्षे कारकुनी करून दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे आम्ही, पण आपल्याच मुलाच्या पोटाचा हिशेब चुकलो! त्या रात्रीने जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट, पाटी पाहू नये, गिऱ्हाईक पाहावे. हमाल, ऑटोवाले, रेल्वेचे कामगार जिथे जेवतात तिथे आपण जावे. त्यांना रोज तिथेच खायचे असते. शिळे दिले तर दुसऱ्या दिवशी ते फिरकणार नाहीत. प्रवासी मात्र एकदा खातो आणि निघून जातो, हे काही विक्रेते पुरते ओळखून असतात. दुसरी गोष्ट, परातीत रचलेले घेऊ नये, कढईतून निघालेले घ्यावे. "आता काय काढता?" एवढे विचारले तरी पुरे. गरम आलूबोंडा, मिरचीचे भजे, सोबत कढी, हा आपल्या वऱ्हाडचा नाश्ता ताजा असेल तर पोटाला बाधत नाही. पावसाळ्यात मात्र उघडी चटणी आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. त्यापेक्षा केळी आणि हंगामात आपल्या वरुड-मोर्शीकडची संत्री बरी. साल आपल्याच हाताने काढायची, म्हणजे शंका नको.

तिसरी गोष्ट, हाती वेळ किती ते आधी नक्की करावे. तासाभराचाच अवधी असेल तर फलाट सोडू नये. दोन तास असतील तर स्टेशनबाहेर नव्या वस्तीत किंवा जुन्या वस्तीत जाऊन बसून जेवता येते. पाच-सहा तास असतील तर अमरावती दहा किलोमीटरच्या आसपास. तिथला गिला वडा खाऊन परत येता येते. पण सारे कुटुंब एकदम जाऊ नये. एकाने सामानाजवळ थांबावे आणि गाडीची खबर 139 या क्रमांकावर घेत राहावे. उशिराची गाडी कधी कधी वेळ भरूनही काढते!

फलाटावर खायचे तर आपला हक्क माहीत असावा. 2023 च्या जुलैपासून रेल्वेने काही स्थानकांवर जनरल डब्यांसमोर स्वस्त जेवण ठेवले. 20 रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे. 50 रुपयांत खिचडी, राजमा-भात किंवा छोले यांसारखा पदार्थ. पाच माणसांचे शंभर रुपयांत भागते. 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना झाली. जादा पैसे मागितले तर बिल मागावे आणि 139 वर तक्रार करावी. भांडण नको, पण गप्पही बसू नये.

आता आपली मुले-मुली विमानानेही जाऊ लागली. बडनेऱ्याजवळच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून तर आधीपासूनच जाणे-येणे आहे. दोन विमानांच्या मधला वेळ पाच-सात तासांचा असला की तिथेही हाच प्रश्न, फक्त पैसे कितीतरी पट. त्यांनीही घरून पोळी, कोरडी चटणी, चिवडा न्यावा, लाजू नये. रिकामी बाटली नेऊन तपासणीनंतर आतल्या नळावर भरावी. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये 'उडान यात्री कॅफे' उघडला. तिथे चहा 10 रुपयांना आणि समोसा 20 रुपयांना ठेवला गेला. विमान दोन तास किंवा त्याहून अधिक उशिरा असेल तर प्रवासाच्या लांबीप्रमाणे कंपनीने खाणे देण्याचा नियम आहे. पण तो मागणाऱ्यालाच मिळतो!

इतके लिहिल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली चार लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत बालवयातील बाबासाहेब होते. न्यायला कोणी आलेले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला, गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. डब्यात जेवण होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले रात्री उपाशीच झोपली. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणजे वाटेवरची भूक नुसत्या अन्नाने भागत नाही. शेजारच्याने पाणी द्यावे लागते.

त्या रात्री बडनेऱ्याला आमच्या शेजारी मजुरीला निघालेले एक कुटुंब बसले होते. धाकट्याला ओकताना पाहून त्यातली बाई उठली, आपल्या गडव्यातले पाणी तिने त्याला पाजले. मग आईपुढे बेसन-भाकर ठेवून म्हणाली, "खा माय, गाडीचा काही नेम नाही." कोणत्या गावचे एवढे विचारले, त्यापुढचे काही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आईने भाकर खाल्ली आणि बराच वेळ गप्प बसून राहिली. तिच्या लहानपणी तिने काय पाहिले होते, ते आम्हाला ठाऊक होते.

सगळीकडे असेच घडते असा आमचा दावा नाही. म्हणून भगिनींनो, प्रवासाला निघताना दोन भाकरी जास्त थापा आणि पाण्याची एक बाटली जास्त भरा. गाडी वेळेवर आली तर त्या घरच्याच पोटात जातील. नाही आली, तर शेजारी कोणीतरी उपाशी बसलेले असेलच.