विमान कोणाला द्यायचे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत अकोल्याला गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही पाच मित्र एक बैठा खेळ खेळलो. यात प्रत्येकाने कागदावर एक पात्र लिहायचे, त्याच्या वतीने बोलायचे व निर्णय घ्यायचे. यशापयश फाशांवर, आणि कथा पुढे नेण्याचे काम सूत्रधाराकडे. सूत्रधार मी होतो. पात्रे सारी वायुसेनेतील वैमानिक; तेव्हा पहिलाच प्रश्न आला, कोणाला कोणते विमान द्यायचे?

“मले सुखोईच पाह्यजे!” तिघे एका सुरात ओरडले. चौथा गप्प होता.

आता सुखोई सर्वांना दिले, तर पुरात अडकलेल्यांना कोण आणणार? रसद कोण पोहोचविणार? कथा पहिल्याच फेरीत संपायची! म्हणून खेळ थांबवून प्रत्यक्षात काय चालते ते त्यांना सांगितले.

वायुसेनेत विमान मागून मिळत नाही. प्राथमिक उड्डाणशिक्षणानंतर छात्रांच्या तीन वाटा होतात : लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर. गुणानुक्रम, अंगचा कल आणि सेनेची त्या वेळची गरज यांवरून वाट ठरते. पुढेही विमान व्यक्तीच्या मालकीचे नसते, ते स्क्वॉड्रनचे असते. तंत्रज्ञांनी जे सज्ज केले, ते त्या दिवशी उडवायचे.

यावरून आमचा नियम ठरला : आधी कामगिरी, मग विमान, शेवटी माणूस. १९७१ च्या डिसेंबरातील दोन प्रसंग पाहा. पूल नसताना मेघना नदीपलीकडे आपले सैनिक नेले ते एमआय-४ हेलिकॉप्टरांनी. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरविले ते एएन-१२, पॅकेट, डाकोटा अशा मालवाहू विमानांनी. ध्वनीहून वेगवान विमान या दोन्ही कामी निरुपयोगीच ठरले असते.

दुसरी सोय खेळाची. एकासनी विमानात पात्र एकटे पडते. सुखोई-३० एमकेआयमध्ये दोघे बसतात. मोठ्या हेलिकॉप्टरात दोन वैमानिक व फ्लाइट इंजिनिअर असतात. तेथे संवाद होतो, वाद होतो, म्हणजेच कथा होते.

एवढे झाल्यावर तो गप्प मित्र म्हणाला, “मले हेलिकॉप्टर दे गड्या. थे वावरातबी उतरते.”

सारे हसले, मी हसलो नाही. वैमानिक निवडीची चाचणी देऊन तो परत आला होता. त्या रात्री फासे त्याच्या बाजूने पडले. पुराच्या पाण्यातून त्याने बारा जणांना वर काढले; सुखोईवाले वरून पाहत राहिले.

अमरावतीला परतताना बसमध्ये मला आमची कला शाखा आठवली. “दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून इकडे,” हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. ते खरेही असेल. पण वाट मिळते कशी, यापेक्षा त्या वाटेने आपण कोणाच्या उपयोगी पडतो, हा प्रश्न मोठा नाही काय?