बोअरच्या भुकटीत काय काय निघतं

जळकोटच्या शिवारात उन्हाळ्यात बोअरची गाडी आली, की मालकाची नजर पाण्यावर असते. आपण भुकटी बघावी. वरची माती आणि मुरूम संपला, की राखाडी भुकटी उडायला लागते; हा काळा पाषाण. मग एखाद्या खोलीवर ती अचानक तांबडी होते, दोन-चार फूट तांबडीच राहते आणि पुन्हा राखाडी. त्या तांबड्या थराकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि नवल तर तिथंच आहे. तो कधीकाळी जमिनीचा माथा होता. खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसानं झिजला, त्याची माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून, गाडून टाकली.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर हे पुन्हा पुन्हा घडलं. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. लाव्हा जमिनीच्या भेगांमधून निघायचा आणि दूरदूर पसरायचा. काही प्रवाह तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले. दोन उद्रेकांच्या मधे कधी कधी इतकी उसंत मिळे की तळी साचत, झाडं वाढत. दख्खनच्या थरांमधे त्या तळ्यांचा गाळ सापडतो, त्यात गोगलगाईंचे शंख असतात.

लाव्ह्याखाली काय आहे, हे लातूर जिल्ह्यानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटर नुसता लाव्ह्याचा खडक, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि मग सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पायाखडक. मधला सगळा काळ त्या आठ मीटरांत! म्हणजे बराचसा इतिहास झिजून वाहून गेला. तसा जुना खडक बघायला दर वेळी छिद्र घ्यावं लागत नाही. जळकोटहून मुखेड-देगलूरकडे निघा, लाव्ह्याची चादर विरत जाते आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे उघडे पडतात.

लाव्हा येण्याआधी इथं कोण चरत होतं? त्याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला मिळाला, आणि तोही शेणात. डायनासोरांच्या दगड झालेल्या त्या शेणात गवताच्या पेशींमधले वाळूसारखे सूक्ष्म कण सापडले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा जगभर खळबळ उडाली, कारण डायनासोरांच्या काळात गवत असं नव्हतंच, असा समज होता. ज्वारी, ऊस, बांबू ही सगळी गवताचीच भावकी. डायनासोर संपले, गवत उरलं, आणि आपण भाकरी खातो ती त्याच घराण्याची.

त्यानंतरची कोट्यवधी वर्षं मी इथं झटकन ओलांडतो. लाव्हा झिजून काळी रानं झाली, उदगीर-बीदरच्या माळावर तोच झिजून तांबडा जांभा झाला. अगदी अलीकडे, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी, मांजरेच्या खोऱ्यात हत्ती, रानबैल आणि चक्क पाणघोडे होते. लातूरजवळ हरवाडीला नदीकाठच्या गाळात त्यांची हाडं मिळाली. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाणघोडे डुंबत होते! हवामान बदललं, पाणघोडे भारतातूनच गेले.

हे ऐकून वाटतं, बदल म्हणजे कोट्यवधी वर्षांची संथ गोष्ट. मग नांदेडचा कापूस बघा. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मधे दोन जनुकांचं वाण आलं. या कापसाच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं, त्यामुळे बोंडअळी तो खाऊन मरायची. पण लाखो अळ्यांत एखादीच्या अंगात जन्मतःच असा फरक असतो, की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की रान तिचंच. महिना-दीड महिन्यात तिची नवी पिढी तयार होते. २०१७ पर्यंत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला गुलाबी बोंडअळी बीटीच्या बोंडातच सापडायला लागली. अळी काही ‘शिकली’ नाही. मेल्या त्यांना वंश नाही, जगल्या त्यांचा वाढला, एवढंच. डार्विनला ज्यासाठी जगभर फिरावं लागलं, ते आपल्या बांधावर पंधरा वर्षांत झालं.

म्हणूनच बीटीच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायला सांगत. तिथं विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्यांशी जुळतात आणि पुढच्या पिढीला विष पुन्हा बाधतं. आपल्याकडे मात्र ते बियाणं बऱ्याचदा फेकलं गेलं आणि पाण्याची सोय असली की हंगामानंतरही पीक उभं ठेवून फरदड घेतली गेली. फरदड म्हणजे अळीला वर्षभराचं जेवण. तेव्हा कापूस लावत असाल, तर साध्या ओळी लावा आणि डिसेंबरनंतर पऱ्हाट्या रानात उभ्या ठेवू नका.