खटकणारे इंग्रजी उच्चार : एक कारणमीमांसा

इंग्रजीच्या तासाला एखादा विद्यार्थी ‘डेब्ट’ म्हणतो, वर्गात हशा पिकतो आणि तो पुन्हा सहसा तोंड उघडत नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जात असली, तरी काटोलसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हे चित्र दिसते. त्याची दोन कारणे संभवतात.

पहिले लिपीचे. देवनागरी बव्हंशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. तीच सवय इंग्रजीला लावली जाते. वस्तुतः कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दातील ‘बी’ इंग्रजीत कधीच उच्चारला जात नव्हता. लॅटिन मूळ दर्शविण्यासाठी विद्वानांनी तो नंतर घातला.

दुसरे ध्वनिव्यवस्थेचे. ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे भिन्न ध्वनी मराठीतील एकाच ‘व’मध्ये सामावतात. परिणामी बनियन व पश्चिम या अर्थांचे दोन शब्द ‘वेस्ट’ असेच ऐकू येतात.

पहिल्या प्रकारात उच्चार बहुधा केवळ कानाला खटकतो. दुसऱ्यात अर्थाचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून अध्यापकाने दुसऱ्यावर अधिक भर द्यावा : ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावेत, ‘डब्ल्यू’साठी ओठांचा चंबू करावा. हशा मात्र दोन्ही प्रसंगी टाळावा. कारण न बोलणाऱ्याचा उच्चार सुधारता येत नाही.